उतरताना धरायचं बटण

"नदी दिसली का?" आण्णांनी विचारलं.

"दिसली." मी डोळे मिटलेलेच ठेवले.

"कुठल्या अंगाला?"

"डाव्या. पाणी आटलंय. पुलाजवळ कुणीतरी गोधड्या धुवून कठड्यावर टाकल्यात."

"वारा?"

"पान हलत नाहीये."

"मग घे उतरायला. दिवस बुडायच्या आत टेकायला पायजे."

मी डाव्या हातानं विमान वळवायचा दांडा धरला आणि उजव्या अंगठ्यानं समोर चिकटपट्टीनं लावलेलं बटण खाली दाबून धरलं. पंखाच्या पोटातून मोटरची घुंई सुरू झाली आणि पंखाच्या मागच्या कडेची लांब झडप हळूहळू खाली झुकू लागली. तिला फ्लॅप म्हणतात. फ्लॅप खाली आले की विमान सावकाश होतं आणि सावकाश होऊनही हवेत टिकून राहतं, म्हणून उतरताना ते लागतात. मी मनात णमोकार, आमचा पाच ओळींचा जैन मंत्र, म्हणत होते. तिसऱ्या ओळीला फ्लॅप अर्धे येत आणि पाचवी संपली की पूर्ण. पाचवी संपली तसा मी अंगठा काढला. मोटर थांबली.

"टेकलं," मी म्हणाले. "कळलंसुद्धा नाही."

आण्णा माझ्या ओठांकडे बघत होते. "रोज अलगदच उतरतंय तुझं," ते म्हणाले.

हे सगळं जमिनीवर चाललं होतं. नेमकं सांगायचं तर इचलकरंजीतल्या आमच्या यंत्रमागाच्या कारखान्यात, मागच्या बाजूला, एका पंखाच्या विमानात. दुसरा पंख नव्हता असं नाही. तो जोडला असता तर भिंत पाडावी लागली असती, म्हणून जुन्या धोतरांत गुंडाळून तो कोपऱ्यात उभा करून ठेवला होता. भिंतीच्या पलीकडे माग धडधडत असत. त्या आवाजात परकं माणूस वैतागून बाहेर पळेल, पण आम्हा मागांजवळ वाढलेल्यांना त्यात छान स्वप्नं पडतात. मी तर लहानपणी त्याच आवाजात झोपत असे आणि वीज गेली की दचकून उठत असे.

मागांवर आयुष्य गेलेली माणसं कानापेक्षा डोळ्यांनी जास्त ऐकतात. आण्णांचे कान मला कळायला लागायच्या आधीच गेले होते, आणि समोरच्याचे ओठ वाचायची सवय अशी जडली होती की देवळातही ते मूर्तीपेक्षा पंडितांच्या तोंडाकडे जास्त बघत. विमानं उडवायची हौस त्यांना पोरवयापासून. पण वैद्यकीय तपासणीत कानांनी दगा दिला आणि डॉक्टरांनी मान हलवली. मान हलवलेली मात्र आण्णांना बरोबर दिसली. मग लोक मुलींना जसं भरतकाम शिकायला पाठवतात तसं त्यांनी मला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, फ्लाइंग क्लबात पाठवलं. मला ते आवडलं. परवाना मिळाला, पुढे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची नोकरीही मिळाली, आणि त्यानंतर एक दिवस परदेशातून लाकडी खोकी आली. त्यांत सुटं विमान होतं.

ते जोडण्यात माझी बरीच तरुण वर्षं गेली. बघायला येणाऱ्या स्थळांना आण्णा आधी विमान दाखवत, त्यामुळे लग्नाचाही प्रश्न आपसूक लांबला. मी त्याबद्दल कधी रडले नाही. दुपारी कॉलेज सुटलं की मी कारखान्यात येई, हाताला ग्रीस लागे आणि मला मनापासून बरं वाटे.

आता सगळं जोडून झालं होतं. समोरच्या पट्टीवर, म्हणजे घड्याळं आणि बटणं बसवायच्या पत्र्यावर, एकच जागा रिकामी होती. फ्लॅपच्या स्विचची.

आमच्याकडे दोन प्रकारचे स्विच आले होते. एक धरून ठेवायचं बटण. त्याची दांडी खाली दाबली की फ्लॅप खाली, वर दाबली की वर, आणि बोट काढलं की दांडी स्प्रिंगनं मधे येणार आणि मोटर जागीच थांबणार. दुसरा खाचेचा. त्याची दांडी एका खाचेतून दुसऱ्या खाचेत टाकायची आणि विसरून जायचं. अर्धे म्हटलं तर अर्धे, पूर्ण म्हटलं तर पूर्ण, फ्लॅप आपले आपण जाऊन थांबणार. बटणाला गोल भोक लागणार होतं आणि खाचेच्या स्विचला लांबट चीर. पत्रा एकच आला होता आणि एकदा कापला की कापला.

आण्णांनी अट घातली होती. "स्विच तू निवड. पण का ते सांग. मला पटलं तर पहिलं उड्डाण तुझं. न्हाई पटलं तर उडवायला कॅप्टन गुर्जरांना बोलवू."

विमान पहिल्यांदा जमिनीवरून उठतं तेव्हा ते उठेल की नाही आणि उठलं तर कसं वागेल हे कुणालाच ठाऊक नसतं. ते उड्डाण मला हवं होतं. इतकं दुसरं काहीच मला आयुष्यात हवं झालेलं नव्हतं, आणि ते एका बोटभर स्विचवर येऊन अडकलं होतं.

मी कारणं द्यायला लागले. आधी मी खाचेच्या स्विचच्या बाजूनं बोलले. उतरताना हात मोकळा राहतो, मोठ्या विमानांत तोच असतो, वगैरे. आण्णा म्हणाले, "हं. पुस्तकातलं हाय." मग मी बटणाच्या बाजूला गेले. वायरी कमी, बिघाड कमी. "हं. हे पण पुस्तकातलं." मग मी हुशारी केली. आण्णा जन्मभर ज्या मागांवर जगले त्यांचाच दाखला दिला. सुताची तार तुटली की माग आपण होऊन थांबतो, तसं हात सुटला की फ्लॅप थांबला पाहिजे.

"हे मला बरं वाटावं म्हणून म्हणतीस," आण्णा म्हणाले.

ते खरंच होतं. मी नाक फुगवून बाहेर गेले आणि पाणी पिऊन परत आले.

रोज संध्याकाळी मात्र आम्ही उडत होतो. माग चालू असताना, उन्हाची तिरपी पट्टी छपराच्या काचेतून पंखावर पडायची तेव्हा. मी डोळे मिटून बोलायची आणि आण्णा उघड्या डोळ्यांनी माझे ओठ वाचायचे. त्यांना डोळे मिटून चालणारच नव्हतं, मिटले की सगळं नाहीसं. त्यामुळे पंचगंगा, बाहुबलीचा डोंगर, उसातून जाणारे बैल, सूतगिरणीचं धुराडं, जे काही त्यांनी वरून पाहिलं ते माझ्या तोंडावर पाहिलं. मी वर्णनात कंजूषपणा करत नसे. कधी बगळ्यांचा थवा आणी, कधी ढग खाली उतरवी आणि आम्ही त्यातून ओले होऊन निघू. आण्णांना एकदा खरोखर हातानं तोंड पुसताना मी पाहिलं होतं.

णमोकारानं मोजायची कल्पना आमच्या घरात कुणाच्याही डोक्यात आली असती. आमच्याकडे दूध, डाळ, डोळ्यांतल्या औषधाच्या दोन थेंबांमधलं अंतर, सगळं णमोकारावर मोजलं जाई. उतरताना नजर बाहेर हवी, काट्यावर नको, म्हणून आण्णांनी फ्लॅपही त्यावरच बसवला. मोटर इतकी चपखल जमली की ते दोन दिवस खुशीत होते.

ज्या माउलीच्या स्वयंपाकघरातून ही विद्या आली होती ती माझी आई, आमची आक्का, या जागेत पाऊल टाकत नसे. विमानाला जागा व्हावी म्हणून आण्णांनी दोन माग विकले होते आणि ते तिच्या माहेरून आलेले होते. ती भांडली नाही. तिच्या रागाला आवाज नव्हता, असता तरी आण्णांना ऐकू आला नसता. संध्याकाळी ती दारापर्यंत यायची, उंबऱ्याबाहेर उभी राहून हात हलवायची आणि "दिवस बुडाया लागला, जेवाया चला" असं ओठांनी सांगून जायची. आम्ही जैन, सूर्य मावळल्यावर जेवत नाही. त्यामुळे आमचं विमान कुठंही असलं तरी ऊन असेतो खाली येई.

मग एका शनिवारी कॅप्टन गुर्जर स्वतःच आले. पुण्याचे, निवृत्त वैमानिक, अत्यंत सभ्य गृहस्थ. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं आणि ते नुसतं बघायला म्हणून आले होते. त्यांनी विमानाभोवती दोन फेऱ्या मारल्या, रिव्हेटांवरून बोटं फिरवली आणि आण्णांना म्हणाले, "सुंदर काम आहे हो." आण्णांना ते वाचता आलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

कॅप्टन आत बसले. त्यांनी बटण दाबून पाहिलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"हे धरून बसणं मला जमायचं नाही," ते म्हणाले. "खाचेचा बसवा, मी आनंदानं येईन. आणि एक विचारू का? तुम्ही उतरताय, फ्लॅप पूर्ण खाली, आणि धावपट्टीवर म्हैस आली. परत वर जायचंय. इंजिन पूर्ण द्यायचं, दांडा सांभाळायचा, आणि वरून हे बटण पण धरून ठेवायचं. हात किती आहेत तुम्हाला?"

आण्णा माझ्याकडे बघू लागले. माझ्या धावपट्टीवर आजवर एकही म्हैस आली नव्हती.

"हिचं उतरणं बघा तुम्ही," आण्णा म्हणाले. "पद्मल, दाखव त्यांना."

मी डाव्या सीटवर बसले. कॅप्टन खाली पंखाशी उभे राहिले. मी डोळे मिटले आणि काहीच दिसेना. नदी नाही, पूल नाही. मी कसंबसं "उतरतेय" म्हटलं, बटण दाबलं आणि णमोकार सुरू केला. पाचवी ओळ संपली, मी अंगठा काढला.

"टेकलं," मी म्हणाले.

मी डोळे उघडले तेव्हा कॅप्टन पंखाच्या मागच्या कडेकडे बघत होते. मीही वळून पाहिलं. फ्लॅप अर्ध्यावर थांबला होता.

"अर्धेच आलेत," कॅप्टन म्हणाले. त्यांच्या आवाजात जराही टोचणी नव्हती, त्यामुळे ते जास्तच लागलं. "होतं असं. मोजणारा घाबरला की मोजणी पळते. म्हणूनच मी खाचा म्हणतो."

ते सरबत पिऊन गेले. आण्णा त्यांना रिक्षापर्यंत पोचवून आले, आणि हत्यारांच्या फळीवरून त्यांनी पत्र्यावर रेघ मारायची सुई उचलली.

"चीर आखून ठेवतो," ते म्हणाले. "उद्या कापू."

"म्हणजे कॅप्टन उडवणार."

त्यांनी माझे ओठ वाचले. ते विमानात चढून उजव्या सीटवर बसले आणि पत्र्यावर पट्टी धरली. मी डावीकडे तशीच बसून होते. मला उठून जायचं होतं, पण उठले नाही. कधी नव्हे ती त्यांची रेघ सरळ येत नव्हती. त्यांनी ती थुंकी लावून पुसली. सुईची रेघ कुठे पुसली जाते.

दारात आक्का आली. तिनं हात हलवला, ओठ हलवले. आम्ही दोघंही उठलो नाही. तिनं थोडा वेळ वाट पाहिली, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि पहिल्यांदाच आत आली.

"काय झालंय?" ती पंखाजवळ येऊन म्हणाली.

मी सांगितलं. कॅप्टन, म्हैस, अर्धा फ्लॅप, सगळं. सांगता सांगता मी बाहीनं डोळे पुसत होते.

आक्कानं पंखावर हात ठेवला. विकलेल्या मागांच्या जागेवरच तो पंख पसरला होता. "घाईनं म्हटलीस व्हय," ती म्हणाली. "दूध उतू जाया लागलं की माझा पण णमोकार असाच पळतो. त्यात रडण्यासारखं काय हाय? आणि तू कायबी कारण सांग, ते न्हाईच म्हणणार. तुला वर सोडायचं त्यांच्या मनातच न्हाई."

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ त्यांना वाचता आले होते. त्यांनी मान खाली घातली आणि सुईच्या टोकानं नखातलं ग्रीस काढू लागले.

मला तेव्हा राग यायला हवा होता. तसा तो आलाही, पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. मला त्या अर्ध्या फ्लॅपची आठवण झाली आणि मी पहिल्यांदा खरंच विचार केला, की हे जमिनीवर न होता वर झालं असतं तर मी काय केलं असतं. मी आण्णांच्या दंडाला हात लावला, म्हणजे ते माझ्याकडे बघतील.

"आण्णा, मी घाबरणार," मी म्हणाले.

"काय?"

"वर गेल्यावर मी घाबरणार. आज नुसत्या माणसासमोर घाबरले, तिथं तर नक्कीच. घाबरले की माझी मोजणी पळणार आणि फ्लॅप कमी येतील. कमी आले तर विमान थोडं जोरात टेकेल, बाकी काही नाही. जास्त येण्यापेक्षा ते बरं. म्हणून खाली येताना मला धरायचं बटणच हवं. मी जेवढं धरीन तेवढंच होईल."

ते बघत राहिले.

"पण नाहीच जमलं, म्हैस आली, किंवा मला नुसतं वाटलं की आज हे होत नाही, तर मला परत वर पळायचंय. तेव्हा मला दोन्ही हात पाहिजेत. तेव्हा मी काहीच धरणार नाही. वर जाताना टिचकी मारून सोडून द्यायचं आणि फ्लॅपांनी आपलं आपण वर जायचं." हे बोलता बोलताच मला सुचलं. "ह्या बटणातली वरच्या बाजूची स्प्रिंग काढली तर? एकीकडे परत येईल, एकीकडे तिथंच राहील."

आण्णांनी चिकटपट्टी सोडवून बटण हातात घेतलं आणि उलटसुलट केलं. "खाली धरायचं," ते स्वतःशी म्हणाले. "वर सोडायचं."

"हो."

पलीकडचे माग चालू होते. आक्का पंखावरची धूळ पदरानं पुसत होती.

"तुला ठाऊक हाय का," आण्णा शेवटी म्हणाले, "इतके दिवस तू रोज उतरतीस आणि एकदा पण घाबरली न्हाईस. वारा न्हाई, कुत्रं न्हाई, काय न्हाई. रोज अलगद. मी तुझ्या तोंडाकडं बघायचो आणि मला वाटायचं, ही पोरगी पडणार. हिला परत फिरायचं सुचायचंच न्हाई. घरी येऊन मला जेवण जायचं न्हाई." त्यांचे डोळे भरले. त्यांनी ते लपवले नाहीत. "मला स्विचचं कारण नको होतं गं. तू भ्यालेली एकदा बघायची होती."

"मग तसं सांगायचं की," आक्का म्हणाली. "पोरीला उगीच महिनोन्‌महिने पुस्तकं वाचाया लावली."

"सांगितलं असतं तर ती खोटं भ्याली असती," आण्णा म्हणाले.

ते मात्र शंभर टक्के खरं होतं. मी तशीच होते.

त्यांनी बारीक पकडीनं बटण उघडलं. आतल्या दोन स्प्रिंगांपैकी एक काढली, दांडी वर टाकली. ती तिथंच राहिली. खाली दाबून सोडली, मधे आली. त्यांनी ते तीनचार वेळा केलं आणि बटण माझ्या हातात दिलं. मग हाताचं ड्रिल मशीन काढून माझ्याकडे धरलं.

"गोल भोक," ते म्हणाले. "तूच पाड."

वाकड्या आखलेल्या चिरेच्या मधोमध मी भोक पाडलं. ती अर्धवट रेघ बटणाच्या दोन्ही बाजूंना तशीच दिसत राहिली. बाहेर सूर्य मावळला होता आणि आमच्या तिघांचंही जेवण त्या दिवशी राहिलं.

पुढे परवानगीचे कागद आले. भिंतीचा एक भाग पाडून विमान बाहेर निघालं, आणि लांबच्या एका साखर कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर दुसरा पंख जोडला गेला. कॅप्टन गुर्जर सल्ल्याला आले होते. त्यांनी बटण पाहिलं, दोन्हीकडे हलवून बघितलं आणि म्हणाले, "असं असेल तर मीही बसलो असतो."

पहिलं उड्डाण मी केलं. त्याचं वर्णन मला कधीच धड करता आलेलं नाही, जमिनीवर असताना मी केलेली वर्णनंच जास्त चांगली होती. वर मला पूल दिसला नाही, गोधड्या दिसल्या नाहीत, फक्त काटे दिसले. उतरताना मी बटण धरलं आणि णमोकार सुसाट पळाला. फ्लॅप कमी आले, विमान जोरात येत होतं, धावपट्टी वाजवीपेक्षा भराभर जवळ आली. मला वाटलं, आज हे होत नाही. मी दांडी वर टाकली, हात काढून घेतला आणि परत वर गेले.

आक्कानं नंतर सांगितलं की विमान टेकता टेकता पुन्हा उठलं तेव्हा खालची सगळी माणसं आण्णांकडे वळली होती. आण्णा एवढंच म्हणाले, "फिरली. आता येईल." आणि खाली मातीत बसले. दुसऱ्या फेरीला मी णमोकार मोठ्यानं म्हटला, एकेक शब्द सुटा करून, आणि उतरले. अलगद नाही. दणकन.

एकटीनं उडवायचे ठरलेले तास पुरे झाल्यावर मी आण्णांना घेऊन गेले.

त्यांना उजवीकडे बसवलं, पट्टे आवळले. विमान सुटलं, धावपट्टी खाली गेली आणि उसाचा हिरवा पसारा खाली उलगडायला लागला. सवयीनं मी बोलायला सुरुवात केली, "आण्णा, डावीकडे नदी," आणि वळून पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी बोलत होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते. काचेला कपाळ टेकवून ते बाहेर बघत होते. नदी होती, तिच्यात पाणी होतं, बगळे मात्र नव्हते. मी गप्प झाले. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, कारण ते बघणारं कुणी नव्हतं.

उतरायची वेळ झाली तेव्हा मी त्यांचा हात धरून बटणावर ठेवला. "तुम्ही धरा," मी म्हणाले. त्यांना ऐकू आलं नाही, पण समजलं. त्यांनी अंगठ्यानं दांडी खाली दाबली आणि त्यांचे ओठ हलू लागले.

त्यांचा णमोकार पळाला नाही. सावकाश, देवळात म्हणतात तसा चालला. पाचवी ओळ झाली, फ्लॅप पूर्ण आले. त्यांनी दांडी सोडली नाही, पहिल्यापासून पुन्हा सुरू केला. फ्लॅप टोकाला पोचल्यावर मोटर आपोआप केव्हाच थांबली होती. "आण्णा, सोडा आता," मी म्हणाले. ते समोर वर येणाऱ्या जमिनीकडे बघत होते. चाकं टेकली, उसळली, परत टेकली. आम्ही धावत जाऊन थांबलो. इंजिन सावकाश फिरत होतं आणि त्यांचा अंगठा अजून बटणावर होता.

मग ते माझ्याकडे वळले. "काय म्हणालीस तू मगाशी?"

"छान उतरवलंत, म्हटलं."

आण्णांनी ते वाचलं. त्यांनी एकदा धावपट्टीच्या टोकाकडे पाहिलं, कडेला उभ्या असलेल्या आक्काकडे पाहिलं. नंतर बटणाला वर टिचकी मारली, हात काढून मांडीवर ठेवला आणि पंखाकडे बघत बसले. फ्लॅप आपले आपण वर जाऊ लागले.